एकटा सुटलेला गडी: सायकल रेसिंगमधली बाप माणसं

10 जून 1949. इटलीतलं कुनेओ गाव. समोर 254 किलोमीटरचा रस्ता आणि मधे आल्प्सचे पाच घाट, म्हणजे जिरो द'इटालियाचा, इटलीत तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं चालणाऱ्या मोठ्या सायकल रेसचा, हा टप्पा नुसता कागदावर बघितला तरी घाम फुटतोय. पहिल्याच घाटात, मादालेनावर, एक हडकुळा लांब पायांचा गडी बाकीच्यांना सोडून सुटतो आणि परत कुणाच्या हाताला लागतच नाही. फाउस्तो कोप्पी. पुढचे 192 किलोमीटर एकटा. रेडिओवर मारियो फेरेत्तीची कॉमेंट्री होती, त्यानं सांगितलं की एक माणूस एकटाच पुढं आहे, त्याची जर्सी पांढरी-निळी, त्याचं नाव फाउस्तो कोप्पी, आणि इटलीत जुन्या लोकांना ही ओळ अजून पाठ आहे. पिनेरोलोला कोप्पी पोचला आणि मग सगळे घड्याळाकडं बघत बसले. दुसरा आला 11 मिनिटं 52 सेकंदांनी, आणि तो दुसरापण कुणी ऐरागैरा नव्हे, दोन टूर द फ्रान्स जिंकलेला जिनो बार्ताली. तिसरा तर 19 मिनिटांनी.

आता ह्यात एवढं काय, एकटा गेला तर गेला, असं कुणाला वाटेल, म्हणून आधी वाऱ्याचं गणित बघूया, आणि त्याला इटलीला जायची गरज नाही.

रविवारी पहाटे कोल्हापुरात शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागा. सायकलवाल्यांची रांग दिसणारच, हेल्मेट, मागं लाल लाईट, एकामागं एक. केर्लीपर्यंत रस्ता तसा सोपा, बाजूला ऊस, आणि समोरून वारा असला की खरी गंमत. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चालवलं की ताकद चांगली पाव ते एक तृतीयांश वाचतीय, कारण सपाटीवर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते आणि स्पीड दुप्पट करायचा म्हटला की हवेसाठी आठपट ताकद लागते, आठपट! पुढं नंबर आला की लगेच कळतंय, मांड्याच बोलायला लागतात. मग वाघबीळ येतं, चढ सुरू, स्पीड पडतो, आडोशाचा फारसा उपयोग राहत नाही आणि ती रांग बघता बघता फुटते, ज्याचे पाय त्याला. जगातल्या मोठ्या रेसा घाटात फुटतात त्या ह्याचमुळं.

मग शहाणा माणूस काय करणार? दुसऱ्याच्या मागं दडून बसणार, ताकद राखणार आणि शेवटच्या चढाला डोकं वर काढणार. बरोबरच आहे ते. पण ज्यांची नावं 50-75 वर्षं टिकली ती माणसं फार लवकर, फार लांबून आणि बऱ्याचदा काहीही गरज नसताना आडोसा सोडून गेलेली आहेत, आणि माझ्या मते मोठेपण मोजायचं ते इथं.

कोप्पी पोरगेला असताना नोव्ही लिगुरे गावात खाटकाच्या दुकानातला माल सायकलवरून घरोघरी पोचवायचा. त्याला घडवणारा माणूस बियाजो काव्हान्ना, हा मालीशवाला होता आणि आंधळा, नुसत्या हाताच्या स्पर्शानं त्याला पायातला दम कळायचा म्हणे. 1940 ला कोप्पी जिरोत उतरला तो बार्तालीच्या मदतीला, नोकर म्हणूनच म्हणा, आणि विसाव्या वर्षी रेस स्वतःच जिंकून बसला. (बार्तालीला काय वाटलं असेल ते आपण समजू शकतो.) मग महायुद्ध. ट्युनिशियात ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला, ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि तरी परत येऊन एकूण पाच जिरो आणि 1949, 1952 अशा दोन टूर द फ्रान्स.

1952 च्या टूरमधलाच एक किस्सा सांगतो, तो कोप्पीचा नाही, आंद्रेआ कार्रेआचा. कार्रेआ म्हणजे कोप्पीचा हक्काचा माणूस, पाणी आणून द्यायचं, वाऱ्याला पुढं व्हायचं, आपला नेता पंक्चर झाला तर थांबायचं. अशा रायडरला इटलीत ग्रेगारियो म्हणतात. आपल्या तालमीत मोठ्या पैलवानाला रोज अंगावर घेणारा जोडीदार असतोय, मैदानात ज्याचं नाव पुकारत नाहीत, तसाच. हा कार्रेआ बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परत आलेला. लोझानच्या टप्प्याला पुढं सुटलेल्या एका ग्रुपवर नजर ठेवायला म्हणून तो त्यांच्यात गेला, तो ग्रुप फिनिशपर्यंत सापडलाच नाही, आणि वेळेचा हिशोब लागला तर पिवळी जर्सी कार्रेआच्या अंगावर! पूर्ण टूरमध्ये पहिला नंबर. दुसरा कुणी नाचला असता, हा रडायला लागला. साहेबाचा मान आपण घेतला, आता कोप्पी काय म्हणेल ही भीती. कोप्पी काही रागावला नाही. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझ, तो 21 वळणांचा घाट, टूरमध्ये पहिल्यांदाच, तिथं कोप्पी जिंकला आणि जर्सीपण घेतली, आणि कार्रेआचा जीव भांड्यात पडला. पुढं कोप्पीनं इतकी आघाडी घेतली की रेसमध्ये राम राहावा म्हणून दुसऱ्या नंबरचं बक्षीस वाढवायची वेळ आयोजकांवर आली.

1960 च्या 2 जानेवारीला कोप्पी गेला, वय फक्त 40. आफ्रिकेत, आजच्या बुर्किना फासोमध्ये, रेस आणि शिकारीला गेला होता, तिथं मलेरिया झाला आणि डॉक्टरांना तो ओळखताच आला नाही. त्याच्याबरोबर गेलेल्या राफाएल जेमिनियानीलापण तोच मलेरिया होता, त्याचं निदान वेळेत झालं, तो वाचला.

बार्तालीवर वेगळा व्हिडिओ करायला लागणार. 1938 आणि 1948 अशी दहा वर्षांच्या अंतरानं टूर जिंकलेला माणूस, आणि युद्धात ज्यूंना वाचवायला मदत केली म्हणून 2013 मध्ये, मेल्यानंतर, इस्रायलच्या याद वाशेम संस्थेनं त्याचा गौरव केला.

आता एडी मर्क्स. बेल्जियमचा. बापाचं किराणा दुकान होतं, पोरगं मात्र असलं भुकेलं निघालं की लोकांनी नावच ठेवलं, कॅनिबल, म्हणजे नरभक्षक. पाच टूर, पाच जिरो, तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन, मिलान-सान रेमो ही एका दिवसाची रेस सात वेळा. पण आकडे बाजूला ठेवा आणि 15 जुलै 1969 बघा. त्याची ही पहिलीच टूर, पिवळी जर्सी अंगावर, आघाडी आठ मिनिटांपेक्षा जास्त. त्या दिवशी गप गर्दीत बसून राहिला असता तरी चाललं असतं. तूरमाले घाटाच्या माथ्याला त्याच्याच टीमचा मार्टिन व्हान डेन बॉसं पुढं होता, एवढा माथा मला पहिला गाठू दे अशी त्याची इच्छा. पण पुढच्या सिझनला तो दुसऱ्या टीमला चाललाय हे मर्क्सला कळलं होतं, झालं, मर्क्सनं माथ्याजवळच जोर काढला आणि त्याला मागं टाकलं. आणि मग थांबलाच नाही. मूराँक्सच्या फिनिशपर्यंत साधारण 140 किलोमीटर एकटा, शेवटी जवळपास आठ मिनिटांनी जिंकला. दिलदारपणा म्हणून बघाल तर शून्य मार्क, सायकलिंग म्हणून नाद खुळा. त्या टूरमध्ये पिवळी जर्सी त्याची, पॉइंट्सची हिरवी त्याची, घाटांचा किताबपण त्याचाच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्ल्वाच्या ट्रॅकवर अपघात झाला, पुढं मोटरवर बसून त्याला आडोसा देणारा पेसर जागीच गेला, मर्क्सच्या कमरेला आणि पाठीला मार बसला, आणि घाटात मी परत पहिल्यासारखा कधीच झालो नाही असं तो स्वतः सांगतो. तरी त्यानंतर चार टूर! आणि 1972 ला मेक्सिको सिटीत अवर रेकॉर्ड, म्हणजे ट्रॅकवर एकट्यानं तासाभरात जमेल तेवढं अंतर कापायचं, त्यात 49.431 किलोमीटर, तिथं तर आडोसा द्यायला कुणी नसतंच.

डोपिंगचा विषय टाळून पुढं जायचं नाही. मर्क्सला 1969 च्या जिरोतून टेस्टमुळं बाहेर काढलं होतं, त्यानं आरोप कायम नाकारला. लान्स आर्मस्ट्राँगच्या सातही टूर 2012 मध्ये काढून घेतल्या आणि त्या सात वर्षांसमोर विजेता म्हणून आज कुणाचंच नाव नाही. म्हणून ह्या व्हिडिओत तो नाही.

फ्रान्सच्या बर्नार्ड इनोचं एकच सांगतो. 1980 ची लिएज-बास्टोन-लिएज, बेल्जियममधली एका दिवसाची रेस, एप्रिल महिना आणि बर्फ. 174 जण सुटले, 21 पोचले. इनो शेवटचे 80 किलोमीटर एकटा, जिंकला नऊ मिनिटांपेक्षा जास्त फरकानं, आणि थंडीनं दोन बोटांना जे झालं ते कायमचं. त्याच्या 1985 च्या टूरनंतर एकाही फ्रेंच माणसाला टूर जिंकता आलेली नाही.

सगळं जुनंच, आता असलं कोण करतंय, असं म्हणत असाल तर स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार बघा. सप्टेंबर 2024, झुरिकची वर्ल्ड चॅम्पियनशिप, जवळपास 100 किलोमीटर शिल्लक असताना हा सुटला, आणि शेवटचे 50 एक किलोमीटर पूर्ण एकटा. मागच्यांना वाटलं येडा झालाय, दमून सापडेल. सापडला नाही. त्याच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही त्यानं घेतल्या होत्या, म्हणजे एका वर्षात तिन्ही, जे पुरुषांमध्ये आधी फक्त मर्क्स आणि आयर्लंडच्या स्टीफन रोशला जमलं होतं.

मग एक नंबर कोण? रंकाळ्याच्या कट्ट्यावर पहाटेपर्यंत भांडता येईल. माझं मत मर्क्सला, आणि ते त्या पाच टूरमुळं नाही, आठ मिनिटं पुढं असताना तूरमाले उतरून तो थांबला नाही, त्यासाठी.