आंब्याचं झाड आणि घरचं आमंत्रण

मंडळी, विषय ठरला तेव्हा ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी मला विचारलं, ‘गाण्यावर बोलणार म्हणजे थोडं गाऊनही दाखवणार ना?’ मी म्हटलं, अजिबात नाही. मी गायलो तर तुमचं माझ्याबद्दलचं मत जागच्या जागी बदलेल. आणि आजचा विषय तोच आहे. माणूस गायला लागला की त्याच्याकडे बघायची आपली नजर बदलते का, आणि बदलली तर कुठपर्यंत?

सुरुवात धारवाडपासून करतो. 1913 साली तिथे हिंदुस्थानी संगीतातल्या थोर गायिका गंगूबाई हनगल जन्मल्या. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. पुढे मुलीचा कल हिंदुस्थानी गाण्याकडे दिसला, तेव्हा तिच्या कानावर दोन पद्धतींचा गोंधळ नको म्हणून या बाईंनी स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं. पण गल्लीला याचं काय! रस्त्यावरून जाताना या पोरीला ‘गाणेवाली’ म्हणून चिडवत. शेजारच्या बागेत आंबे तोडायला गेली की हुसकावून लावत. आता परक्याच्या झाडाचे आंबे तोडले तर कुणीही ओरडेल. पण गाणारणीच्या मुलीनं आपल्या बागेत पाऊल टाकलं, याचाच त्या लोकांना राग होता, असं गंगूबाईंनी नंतर सांगितलंय. आणि पुढची गंमतही त्यांनीच सांगितलीय. तीच माणसं मग ‘थोर गंगूबाई’ म्हणत त्यांना घरी बोलवायला लागली.

मी या गोष्टीत फार वेळ अडकून पडतो. बाई तीच, तिचं घराणं तेच, आई तीच. मधे काय झालं? हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे खेपा झाल्या, वर्षानुवर्षं रियाज झाला, नाव झालं. ज्या गाण्यापायी ती बागेबाहेर, त्याच गाण्यापायी ती घरात. मला त्या बागवाल्यांचं कुतूहल वाटतं. तिला बैठकीत बसवून चहा देताना त्यांना आंबे आठवले असतील का? नसावेत. आपलं मत बदललं की ते आधीपासून तसंच होतं असं आपल्याला वाटतं.

1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. स्वागताचं पद म्हणायला मुली उभ्या राहिल्या, त्यांत ही शाळकरी गंगू होती. तिच्या मनात धाकधूक होती, पण ती सूर लागेल की नाही याची नव्हती. जेवणं झाल्यावर आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना, याची होती. हजारोंसमोर गाणाऱ्या पोरीला पंगतीची भीती!

आता आवाजाकडे येतो. गंगूबाईंचा तरुणपणीचा आवाज बारीक होता. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो जाड झाला, मर्दानी म्हणावा असा. माझ्या लहानपणी आमच्याकडे रेडिओवर एकदा ख्याल चालू होता. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘बुवा तयारीचे आहेत.’ गाणं संपलं आणि निवेदिकेनं नाव सांगितलं. आजोबांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि रेडिओकडे बघत राहिले, जणू आत कुणी दिसणार आहे. नुसत्या आवाजावरून त्यांनी अख्खा माणूस उभा केला होता, बहुधा कोट-टोपीसकट.

आणि हा ‘बुवा’ शब्द सोपा नाही बरं का. गंगूबाईंनी यावरही बोट ठेवलं होतं. गवई मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो. केसरबाई, मोगूबाई यांच्यासारख्या मोठ्या गायिका मात्र बाईच राहतात. म्हणजे गाण्यानं नजर बदलली खरी, पण बदलत बदलत नावाच्या मागे लागणाऱ्या त्या एका शब्दापाशी येऊन थांबली.

हिराबाई बडोदेकरांचंही बघा. तिकीट लावून जलसे करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी त्या. स्वच्छ, शांत गाणं. हातवारे नाहीत, अदा नाहीत, अंगभर पदर. मध्यमवर्ग म्हणाला, ही घरंदाज! सगळे याचं कौतुक करतात, मीही करतो. पण मनात खुपतं. पुरुष गवई मांडीवर थाप मारो, तोंड वाकडं करो, त्याच्या घरंदाजपणाची चौकशी कुणी केली नाही.

हे झालं एकानं गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सगळ्यांनी मिळून गायचं ठरवलं की प्रकार वेगळाच होतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांसाठीचे नवे वर्ग, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिने लोकांना विचारत राहिले, वर्गातल्या इतरांबद्दल किती जवळीक वाटते? शेवटी सगळे वर्ग सारख्याच पातळीवर आले. पण गाणारे तिथे फार लवकर पोचले. एकमेकांची नीट ओळख होण्याआधीच.

हे वाचल्यावर मला ऑक्सफर्ड आठवलं नाही, आमच्या सोसायटीचा गणपती आठवला. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ. त्यांची स्कूटर रोज माझ्या गाडीच्या मागे आडवी. दोन वर्षं आमच्यात चकार शब्द नाही, निरोप वॉचमनमार्फत. आरतीला ते नेमके माझ्या शेजारी उभे राहिले. ‘संकष्टी पावावे’ असं ठणकावून म्हणाले. मी ‘संकटी’ म्हणणारा, त्यामुळे तिथेही मतभेद. पण ‘येई हो विठ्ठले’ला तो लांबलचक सूर आला, माझा दम संपला, आणि त्यांनी तो माझ्या वाटचाही ओढून नेला. मी श्वास घेऊन परत आलो तेव्हा सूर होता तिथेच होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा दम मधेच गेला, तेव्हा मी धरून ठेवला. बोललो दोघंही नाही.

विसर्जनानंतरच्या सोमवारी स्कूटर पुन्हा आडवी. मी वॉचमनला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग स्वतःच जाऊन त्यांच्या दाराची बेल वाजवली.