वाघावर बसून पासष्टी कळत नाही | चांगदेव आणि मुक्ताई

राम राम मंडळी!

मागे दिसतंय ते तापी-पूर्णेचं पाणी. हतनूर धरणाचा फुगवटा इथवर येतो, म्हणून नदी अशी तळ्यासारखी पसरलीय. गावाचं नाव चांगदेव, तालुका मुक्ताईनगर. जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात, त्यांना म्हणू द्या. शिष्याच्या नावाचं गाव इथे संगमावर, गुरूच्या नावाचं गाव तिकडे, आणि दोन्ही आपल्या जळगाव जिल्ह्यात.

मला बरेच जण विचारतात, "दादा, अध्यात्म समजून घ्यायचंय, कुठला ग्रंथ घेऊ?" ग्रंथ सांगेन. पण आधी ज्याच्या हातात ग्रंथ आला आणि तरीही काही कळलं नाही, त्या माणसाची गोष्ट ऐका. तो माणूस म्हणजे चांगदेव. चांगा वटेश्वर. मोठे योगी. परंपरा म्हणते, चौदाशे वर्षं जगले. काळ न्यायला यायचा आणि हे प्राण वर चढवून समाधीत बसायचे. चौदाशे हा आकडा शब्दशः घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, त्यावर आज वाद नको. माणूस सिद्ध होता, शिष्यांचा गोतावळा मोठा होता, एवढं धरून चला.

त्यांच्या कानावर आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती गेली. भेटायला जायचं ठरलं. आधी पत्र लिहावं म्हणून बसले आणि मायन्यालाच अडले. 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानात ही पोरं पुढे. 'तीर्थरूप' लिहावं, तर ही वयानं पोरंच. बराच वेळ असाच गेला, आणि शेवटी त्यांनी कागद कोराच धाडला.

हसू नका. आपल्याकडे हरिनाम सप्त्याची पत्रिका छापायला टाकतात तेव्हाची बैठक आठवा. कीर्तनकार कोण, ते पाच मिनिटांत ठरतं. शेवटच्या दिवशी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, हे तर ठरवावंही लागत नाही. रात्र जाते ती नावांच्या क्रमात. सरपंच वर की माजी सभापती वर? अमक्याच्या मागे ह.भ.प. लावलं, मग तमक्याच्या मागे का नाही? प्रेसवाला प्रूफ घेऊन हेलपाटे घालतो. कुणीतरी वैतागून म्हणतं, "समस्त गावकरी मंडळी छापा अन् मोकळे व्हा." तेही चालत नाही, कारण मग वर्गणी कुणी दिली ते गावाला कळणार कसं? म्हणजे सात दिवस नामस्मरण होणार ते होणारच, पण मायन्याचा घोळ चांगदेवांपासून आजवर तोच आहे.

(पडद्यावर: कोरा कागद)

पत्र आळंदीला पोचलं. मुक्ताईनं ते पाहिलं आणि म्हणाली, चौदाशे वर्षं तप करून चांगदेव कोरा तो कोराच राहिला.

आता हे कोण बोलतंय ते बघा. मुक्ताईचा जन्म १२७९चा मानतात आणि १२९७ साली ती तापीकाठी मेहूणला, विजेच्या कडकडाटात, गुप्त झाली असं परंपरा सांगते. म्हणजे उभं आयुष्यच अठरा वर्षांच्या आसपास. त्यातून मुलगी. त्यातून संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलेल्या घरातली. ती एका सिद्धपुरुषाला सांगतेय, तू कोरा आहेस.

मला ही गोष्ट इथेच सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण आपल्याकडे नम्रतेचा उपदेश बहुतेक वेळा खालच्या माणसाला होतो. सुनेला सांगतात, नमतं घे. शिकाऊ पोराला सांगतात, वर बघून बोलू नको. सालदाराला तर सांगावंही लागत नाही. या कथेत नमायचंय ते मात्र ज्याच्याकडे सगळं आहे त्यानं. कोणी तुम्हाला 'नम्र व्हा, प्रश्न विचारू नका' म्हणत असेल, तर आधी तो स्वतः कशावर बसलाय ते बघा. मुक्ताईनं चांगदेवांकडून काही मागून घेतल्याचं कथेत कुठेही नाही. बुवाबाजी ओळखायला एवढी खूण मला तरी पुरते.

असो. पुढे जाऊ.

निवृत्तीनाथांनी ज्ञानोबांना सांगितलं, उत्तर तू लिही. ते उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी. पासष्ट ओव्या, म्हणून पासष्टी. चांगदेव जिथे अडले होते तो मायना ज्ञानोबांनी कसा सोडवला? पहिलेच शब्द आहेत 'स्वस्ति श्रीवटेशु'. चिरंजीव नाही आणि तीर्थरूपही नाही. वटेश, म्हणजे चांगदेवांच्या नावातच असलेला तो ईश्वर, जो स्वतः लपून जगाचा भास दाखवतो, त्याचं नाव घेऊन पत्र सुरू. तुमच्यात आणि आमच्यात तोच असेल तर थोरला कोण आणि धाकटा कोण? पुढे ते चांगदेवांना म्हणतात, तू त्या वटेश्वराचा पुत्र, कापराचा रवा जसा कापराचाच असतो तसा. म्हणजे मुक्ताईनं कोरा म्हटलेल्या माणसाला ज्ञानोबा सांगतायत की तुझ्यात आणि त्या मूळ वस्तूत काही फरक नाही. बहिणीनं कान धरला, भावानं पाठीवर हात ठेवला. मला तर दोन्ही एकाच घरचे वाटतात.

पण ऐका, पासष्टी चांगदेवांच्या हातात आली. वाचली. आणि कळली नाही!

मग काय केलं? थांबले? कुणाला विचारलं? नाही. वाघ सजवला. हातात सापाचा चाबूक घेतला. शिष्यांची फौज मागे. निघाले आळंदीला. अद्वैताचं पत्र झोळीत आहे आणि खाली वाघ आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. वाघ एकदम खोटा असता तर गोष्ट सोपी होती. पण ती त्यांची खरी कमाई होती, वर्षानुवर्षांच्या तपाची. म्हणूनच सोडवत नव्हती. पारायणं केलेल्या, वाऱ्या केलेल्या, व्यसन सोडलेल्या माणसाचा वाघ हा असाच असतो. 'मी इतकं केलंय' हे खरंच असतं, आणि नेमकं तेच आड येतं.

तिकडे ही भावंडं भिंतीवर बसली होती. ती भिंतच चालवत सामोरी आली. जिवंत प्राणी चालवणारा निर्जीव भिंत चालवणाऱ्यांपुढे आला, आणि चांगदेव वाघावरून खाली उतरले.

भिंत चालली का, हा प्रश्न पडतोच. पडू दे. मला उतरण्यात रस आहे. शिष्य बघतायत. इतक्या वर्षांचा मान आहे. त्या सगळ्यांसमोर पाय जमिनीला लावायचा. आणि पुढे तर त्याहून अवघड. चांगदेवांनी गुरू केलं ते कुणाला? पत्र लिहिणाऱ्या ज्ञानोबांना नाही, थोरल्या निवृत्तीनाथांनाही नाही. जिनं तोंडावर कोरा म्हटलं त्या मुक्ताईला. तिच्याकडून पासष्टीचा अर्थ समजून घेतला. हात जोडणं एका मिनिटाचं काम आहे. ज्या तोंडानं आपली उणीव दाखवली त्याच तोंडासमोर रोज शिकायला बसणं, याला मी बदल म्हणतो.

कुणी म्हणेल, हे सिद्धांचं झालं, आमच्यासारख्यांना अपमान सहन होत नाही. नामदेवांनाही नाही झाला! तेरला गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं थापटणं बघून विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की भाजलेलं ते कळतं. ती म्हणाली, मग आम्हालाही बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत बसले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. नामदेव तडक पंढरपूरला, विठोबाकडे तक्रार घेऊन. आणि तिथून मग विसोबा खेचरांकडे, गुरूपाशी.

लक्षात घ्या, नामदेव रागावले, रुसले, तक्रार केली, आणि तरी शेवटी गेले. राग आला म्हणजे तुम्ही नालायक ठरलात असं नाही. राग तर त्या घरातही होता. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून समजावणारी मुक्ताईच होती. तेच ते ताटीचे अभंग. आणि ज्ञानोबांनी ताटी उघडली. धाकट्या बहिणीच्या सांगण्यावरून!

आता तुमच्या-माझ्या कामाचं. मागच्या वर्षभरात आपल्याहून लहान, कमी शिकलेल्या किंवा आपल्या हाताखालच्या माणसाच्या सांगण्यावरून आपण काय बदललं? मोठं काही नको. बायको म्हणाली, तुम्ही पूजा झाली की अर्धा तास सगळ्यांवर खेकसता. पोरगी म्हणाली, पप्पा, तुम्ही माळ ओढताना मोबाइल बघता. तेव्हा आपण काय म्हणालो? "तुला काय कळतं?" असं म्हणालो असू, तर वाघ अजून खालीच आहे. आणि उतरायचं असेल तर त्याच माणसाला परत जाऊन विचारा, "बरं, अजून काय दिसतं तुला?" फार अवघड वाक्य आहे. घशात अडकतं.

ग्रंथ सांगतो म्हणालो होतो. पासष्टीच घ्या. लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. पण अर्थासकट घ्या, आणि एकट्यानं वाचू नका. घरातल्या कुणा धाकट्याला अर्थ वाचायला लावा आणि तुम्ही ऐका.

इकडे यायचं असेल तर महाशिवरात्रीच्या सुमाराला या. मुक्ताईची आणि चांगदेवांची यात्रा तेव्हाच भरते, दोन्हीकडे मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. पालखी बघायची असेल तर ज्येष्ठात या. मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, खान्देशातून विदर्भ-मराठवाडा ओलांडत, पायी महिनाभर. आणि आधी मुक्ताईचं दर्शन घ्यायचं की चांगदेवांचं, यावर गाडीत भांडत येऊ नका. रस्ता ज्या बाजूनं सोपा पडेल त्या बाजूनं या.