खळीतले आम्ल

इचलकरंजीच्या एका सायझिंग कारखान्यात, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून सुताची रुंद पट्टी सरकत जाते, तेव्हा तिच्यातील प्रत्येक तारेवर खळीचा अतिशय पातळ थर वाळत असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावात विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून इथल्या कापडाची गोष्ट मागापासूनच सांगितली जाते. खरे तर निम्मी गोष्ट मागावर बीम, म्हणजे उभे सूत गुंडाळलेला रूळ, चढण्यापूर्वीच घडून गेलेली असते.

मागावर उभ्या सुताची तार वही-फणीत, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या आणि आडवे सूत ठोकून बसवणाऱ्या भागांत, पुन्हा पुन्हा घासते, तंतू सुटतात, तार तुटते आणि माग थांबतो. सुती धाग्याला स्टार्चची खळ चांगली धरते, कारण कापसातले सेल्युलोज आणि स्टार्च दोन्ही एकाच कुळातले. पॉलिस्टर मिसळलेल्या सुतावर मात्र नुसता स्टार्च घट्ट बसत नाही. सुकल्यावर त्याची भुकटी होऊन ती मागाखाली झडते. पिंपातून संथ धारेने उतरणारे फिकट पिवळसर ॲक्रिलिक द्रावण खळीत मिसळले जाते ते यासाठीच.

हे ॲक्रिलिक म्हणजे कोपॉलिमर, वेगवेगळे घटक जोडून बनलेली लांब रेणूसाखळी. या साखळीत दोन प्रकारचे घटक गुंफलेले असतात. एस्टर घटक पॉलिस्टरशी जवळीक साधतात आणि थराचा लवचीकपणाही ठरवतात: निव्वळ ब्युटिल ॲक्रिलेटचे पॉलिमर उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत मऊ राहते, तर मिथिल मेथॅक्रिलेटचे सुमारे १०५ अंशांपर्यंत काचेसारखे कडक असते. दुसरा घटक म्हणजे ॲक्रिलिक किंवा मेथॅक्रिलिक आम्ल, आणि आमच्या मते या पदार्थाची सारी करामत त्याचीच आहे. एक ग्रॅम पॉलिमरमधील आम्ल शमवण्यासाठी जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो त्याचा आम्लांक. निव्वळ पॉलिॲक्रिलिक आम्लाचा हिशेबाने येणारा आम्लांक सुमारे ७७८ असतो. साखळीत वजनाने दहा टक्के ॲक्रिलिक आम्ल असेल, तर तो ७८ च्या जवळ येतो.

आता काचपात्रातला एक प्रयोग पाहा. आम्लगट भरपूर असलेल्या ॲक्रिलिकचे दुधाळ इमल्शन, म्हणजे पाण्यात तरंगणारे त्याचे सूक्ष्म कण, पाण्यासारखे पातळ असते. त्यात अमोनियाचे थेंब पडू लागताच दुधाळपणा ओसरतो, द्रावण पारदर्शक होते आणि काचेची कांडी जड फिरू लागते. आम्लगटांवर ऋण प्रभार आला की ते एकमेकांना दूर ढकलतात, गुंडाळून पडलेली साखळी उलगडते आणि तिच्या पसाऱ्यात पाणी अडकते. बोअरचे जड पाणी वापरले, तर त्यातील कॅल्शियम हेच गट बांधून टाकते आणि खळ फाटते. म्हणून जाणता सायझर आधी पाण्याची चौकशी करतो.

सिलिंडरवर याच्या उलट घडते. उष्णतेने अमोनिया उडून जातो, आम्लगट मूळ रूपात परततात आणि थर पाण्याला पुरेसा दाद देईनासा होतो. पाण्याच्या फवाऱ्याने आडवे सूत नेणाऱ्या वॉटरजेट मागांसाठी अमोनियाच्या क्षाराची खळ निवडतात ती याचमुळे. सोडियमचा क्षार स्वस्त पडतो, पण सोडियम उडून जात नाही. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणातील दमट हवेत असा थर ओलावा ओढून चिकट होतो आणि शेजारच्या तारा एकमेकींना धरून बसतात.

विणून झाल्यावर कापड सौम्य अल्कलीच्या गरम पाण्यातून काढले की तेच आम्लगट पुन्हा विरघळतात आणि खळ निघून जाते. हे पाणी प्रक्रियेविना सोडले, तर ते पंचगंगा नदीपर्यंत पोहोचते, आणि ॲक्रिलिक तिथे स्टार्चइतके सहज कुजत नाही.

हाच गुण कापडाबाहेरही उपयोगी पडतो. औषधाच्या काही गोळ्यांवर मेथॅक्रिलिक आम्लाच्या कोपॉलिमरचे आवरण असते. ते जठरातील आम्लात टिकते आणि आतड्यात सामू (pH) साडेपाच ते सातच्या दरम्यान गेला की विरघळते. गुळाच्या खोक्यांवर छपाई करणाऱ्या यंत्रातील पाण्यावर आधारित शाईतही स्टायरीन-ॲक्रिलिक रेझिन अमोनियानेच विरघळवलेले असते. अमोनिया उडाला की पुठ्ठ्यावरचे अक्षर ओल्या बोटाने पुसले जात नाही, आणि यंत्र थांबलेले असताना रोलरवर वाळलेली शाई काढायला कामगाराला नुसते पाणी पुरत नाही, त्यात अल्कली घालावीच लागते.