जुन्या जहाजांच्या चित्रात आधी झेंडे बघा

नमस्कार मंडळी! जुन्या समुद्रयुद्धाचं छापील चित्र समोर आलं, की आपली नजर धुराकडे आणि तोफांकडे जाते. माझं ऐका, आधी झेंडे बघा. हुकूम कोणाचा चालतोय आणि हरलं कोण, ते तिथेच कळतं.

ब्रिटिश आरमार घेऊ. १८६४ पर्यंत त्याचे तीन विभाग होते: तांबडा, पांढरा, निळा. जहाजाच्या मागच्या टोकाचं मोठं निशाण त्या रंगाचं. (मुंबईच्या जुन्या चित्रांत तिथे तांबडे-पांढरे पट्टे दिसले, तर जहाज ईस्ट इंडिया कंपनीचं.) सेनापती ओळखायचा तर मात्र डोलकाठीच्या शेंड्याकडे बघायचं. मधल्या काठीवर झेंडा असेल तर सगळ्यात वरचा म्हणजे ॲडमिरल, पुढच्या काठीवर त्याच्या खालचा व्हाइस ॲडमिरल, मागच्या काठीवर त्याच्याही खालचा रिअर ॲडमिरल.

आता ट्रफाल्गरची लढाई, २१ ऑक्टोबर १८०५: ब्रिटिश एका बाजूला, फ्रेंच आणि स्पॅनिश दुसऱ्या. ब्रिटिशांचा सेनापती नेल्सन पांढऱ्या विभागाचा व्हाइस ॲडमिरल, त्याच्या हाताखालचा कॉलिंगवुड निळ्याचा. धुरात आपलं जहाज कुठलं, परकं कुठलं, हा घोळ होऊ नये म्हणून नेल्सनने सगळ्यांना पांढरंच निशाण लावायला सांगितलं. म्हणून कॉलिंगवुडच्या ‘रॉयल सॉव्हरिन’वर पुढच्या डोलकाठीला त्याच्या विभागाचा निळा झेंडा आणि मागे पांढरं निशाण दिसायला हवं. हातांनी रंगवलेल्या चित्रात मागेही निळंच असेल, तर रंगवणारा चुकला. अशी चूक सापडली की मला फार आनंद होतो, कारण चित्र आपण खरोखर वाचलं असं वाटतं!

चित्र काळं-पांढरं असेल तर भिंग घ्या. सतराव्या शतकापासून युरोपात एक संकेत होता: उभ्या रेषा तांबड्या रंगासाठी, आडव्या निळ्यासाठी, कोरी जागा पांढऱ्यासाठी. सगळे तो पाळत नसत, आणि कापडाच्या घडीची सावलीही रेषांनीच काढतात. तेव्हा घाई नको.

एकाच काठीवर दोन देशांची निशाणं दिसली, तर वरचं जिंकणाऱ्याचं. आणि झेंडा खाली आला म्हणजे शरणागती. ११ ऑक्टोबर १७९७, कॅम्परडाउनची लढाई. डचांच्या तोफांनी ब्रिटिश ॲडमिरल डंकनच्या ‘व्हेनरेबल’ची डोलकाठी वरून तुटली आणि झेंडा खाली आला. आपण शरण गेलो असं कोणाला वाटू नये म्हणून जॅक क्रॉफर्ड नावाचा खलाशी भर गोळीबारात काठीवर चढला आणि त्याने झेंडा खिळ्यांनी ठोकून टाकला.