बाबेलला गेलेलं पत्र

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

पवित्र शास्त्रातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29व्या अध्यायाचं 11वं वचन आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, असं ते सांगतं. कोणावर दुःख कोसळलं की आपण तेच मोबाइलवर धाडतो. त्याच्या आधीचं 10वं वचन मात्र कोणी धाडत नाही. त्यात सत्तर वर्षांची मुदत आहे! यरुशलेमातून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाने लिहिलेलं हे पत्र. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हतं. त्यांना देव सांगतो, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ताटातूट संपल्यावर देव भेटेल, असं तो म्हणत नाही. तो त्या ताटातुटीतच बोलतोय.

आपण रोज आपल्या नाशकातल्या शरणपूर रोडने जातो. शरणपूर वसलं 1850च्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातून. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांची गलबतं अडवली, त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे इथे आली. इथे ती सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली, पवित्र शास्त्र वाचायला शिकली. सगळं गोडच झालं असं मी म्हणणार नाही. त्यांची घरं तुटली, भाषा मागे पडली, नावंसुद्धा बदलली.

त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावी मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले; जेकब त्यांच्या सोबत्यांपैकी एक होता. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. तेव्हा अंत्यविधीची उपासना वाचली ती आपल्या नाशकात शिकलेल्या या तरुणाने. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ या प्रभूच्या शब्दांनी ती उपासना सुरू होते. मग त्याने झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टन यांचं नाव कोरलं, आणि साऱ्यांनी मिळून देह शेकडो मैल वाहत समुद्रापर्यंत आणला. लहानपणी ज्याला घरातून ओढून नेलं, त्याने परक्या माणसाला घरच्यासारखा निरोप दिला! आशा म्हटलं की मला तो उभा दिसतो, हातात प्रार्थनेचं पुस्तक घेतलेला.

जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. पतीचा बाप्तिस्मा झाला 1895 मध्ये, त्यांचा 1900 मध्ये. मधली वर्षं त्यांनी बरीचशी पतीविना, रडत आणि झगडत काढली. त्यांना कोणी घाई केली असती तर तो विश्वास त्यांचा स्वतःचा झाला नसता, असं मला मनापासून वाटतं.

आज आपल्या मंडळीत कोणाचा मुलगा जहाजावर आहे, कोणाची लेक आखातात नर्स आहे. कोणाच्या घरी एकच ताट वाढलं जातं. या भावंडांना नुसतं वचन धाडून भागणार नाही, त्यांच्या घरी जाऊन जेवायला बसा. बुधवारच्या प्रार्थनासभेत आपण एकट्या घरांची यादी करणार आहोत. त्यात स्वतःचं नाव सांगायला कोणी संकोच करू नका.