आई, मी स्क्विब आहे

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कोजागरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

दूध आटायला अजून अर्धा तास लागेल असं आतून कळलंय. तेवढ्या वेळात मला एक गोष्ट सांगायची आहे. समितीनं मला 'मुलांचं वाचन' हा विषय दिला होता आणि मी मुद्देही काढले होते. पण ऑगस्टमध्ये लेकीला घेऊन पुण्याला जाऊन आले आणि ते मुद्दे बाजूलाच राहिले. तिथे तिनं मला एक वाक्य ऐकवलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

"आई, मी स्क्विब आहे."

पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांना अर्थ लगेच कळला. त्यांचे चेहरे बघा. मागे खुर्च्यांवर बसलेल्या आपल्याला मात्र कळला नाही. मलाही तेव्हा कळला नव्हता.

श्रावणातला शुक्रवार होता. सदाशिव पेठेत माझं माहेर. वाडा पडून आता तिथे इमारत झाली आहे, पण आप्पांनी जुना झोपाळा घरात टांगून घेतलाय. जिवतीची पूजा झाली, पुरणाचा स्वयंपाक झाला, सगळ्या पोरांना पाटावर बसवून ओवाळलं, अक्षता टाकल्या. जेवणं उरकल्यावर भाचरांनी माझ्या मुलीला मध्ये घेतलं आणि म्हणाली, म्हण बघू, "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." तिनं म्हटलं. तिला 'ळ' येत नाही, 'ल' येतो. घर हसलं. कुणीतरी म्हणालं, परत म्हण. तिनं परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. आणि मी, जिनं तासाभरापूर्वी तिच्या आयुष्यासाठी हात जोडले होते, मीही सगळ्यांबरोबर हसले.

ती उठून गॅलरीत गेली आणि पुस्तक उघडून बसली. हॅरी पॉटर, चौथा भाग, कितव्यांदा ते तिलाच माहीत. संध्याकाळी मी चिडले. आप्पांची ऐंशी उलटली आहे, तू वर्षातून तीन आठवडे येतेस, दोन शब्द बोलत नाहीस, सारखं या भुताखेतांत डोकं, असं सगळं बोलले आणि पुस्तक हातातून ओढून घेतलं. तेव्हा ती रडत रडत इंग्रजीत म्हणाली, "आई, मी स्क्विब आहे. तुम्ही बोलता तेव्हा या घरात काहीतरी होतं. सगळे हसतात, मध्येच कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. मला ते दिसतं, पण करता येत नाही."

त्या रात्री पाऊस थांबला नाही आणि मला झोप आली नाही. उशाशी तिचीच पुस्तकं होती. मी पहिलं उघडलं.

आता मला एक सांगू द्या. मी या देशात 2004 साली आले. 2007 च्या जुलैत सातवं आणि शेवटचं पुस्तक निघालं, त्या रात्री आमच्या गावातल्या पुस्तकाच्या दुकानापुढे मुलांची लांबच लांब रांग होती. काळे झगे, गोल चष्मे, कपाळावर रंगवलेले व्रण. मी बसमधून बघितलं आणि मनात म्हटलं, पुस्तकासाठी? मध्यरात्री? चांदोबाचा अंक यायच्या दिवशी पेपरवाल्याच्या सायकलची घंटा वाजेपर्यंत आपण दारातून हलत नव्हतो, हे मला तेव्हा आठवलं नाही. या मालिकेचं पहिलं पुस्तक 1997 साली निघालं तेव्हा त्याच्या पुठ्ठा बांधणीच्या फक्त 500 प्रती छापल्या होत्या. पुढे सातही पुस्तकांच्या मिळून 50 कोटींवर प्रती खपल्या. हे आकडे मला पूर्वीही माहीत होते. मी म्हणायची, जाहिरातबाजी. एकही पान न वाचता म्हणायची.

त्या रात्री वाचलं. जिन्याखालच्या अडगळीत झोपणारा अनाथ मुलगा. अकराव्या वाढदिवसाला त्याला कळतं की आपलं खरं घर दुसरीकडेच आहे, तिथे सगळ्यांना आपलं नाव ठाऊक आहे आणि आपल्याला मात्र तिथलं काहीच ठाऊक नाही. मंडळी, आपल्या मुलांची पुण्याला दर वेळी हीच अवस्था होते. विमानतळावर दहा माणसं त्यांना नावानं हाक मारतात, गालगुच्चे घेतात, "केवढी मोठी झालीस!" म्हणतात, आणि ती कोण हे मुलांना माहीत नसतं. फुरसुंगीचा बन्या, आपला फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला तेव्हा आपणही त्याच्याबरोबर वसतिगृहात राहिलो की नाही? घर सोडून दुसऱ्या जगात रुजायची गोष्ट आपल्याला तेव्हाही हवी होती. आपल्या मुलांना ती जरा जास्तच हवी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथली जादू आयती मिळत नाही. ती शिकावी लागते, गृहपाठ असतो, परीक्षा असते, आणि मंत्राचा उच्चार चुकला तर पीस जागचं हलत नाही. वर्गात हर्माइनी नावाची मुलगी हॅरीच्या मित्राला, रॉनला, सगळ्यांदेखत टोकते की तू उच्चार चुकीचा करतोयस. तो चिडतो, नंतर तिच्याविषयी वाटेल ते बोलतो, ती रडत निघून जाते. आणि त्याच रात्री तिचा जीव धोक्यात असतो तेव्हा तोच मंत्र त्याच्या तोंडून बिनचूक निघतो. तो प्रसंग मी दोनदा वाचला. शेजारी लेक झोपली होती, आणि दुपारच्या त्या राळ्यांचा मला विसर पडत नव्हता.

दुसऱ्या पुस्तकात, पहाटे, स्क्विब सापडला. जादूगारांच्या घरात जन्मलेला, पण जादू न येणारा माणूस. त्या शाळेचा रखवालदार फिल्च तसा आहे. आयुष्यभर त्या जगात राहतो, तिथल्या फरश्या पुसतो, आणि तिथल्या पहिलीतल्या पोराला येतं तेही त्याला येत नाही. तो चोरून टपालानं जादूचे धडे मागवतो. हॅरीच्या हाती ते पाकीट लागतं तेव्हा फिल्चचा चेहरा लाजेनं कसा होतो ते तिथे लिहिलं आहे.

ते वाचताना मला एक वही आठवली. सामान लावताना तिच्या पिशवीत बघितलेली. मला वाटलं होतं शाळेची असेल. मी उठून ती काढली. शेवटच्या चार पानांवर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्यं होती. "आप्पा, तुमची तब्येत कशी आहे?" "मला अजून पोळी नको, पोट भरलं." "हा माझा मोठा मामा." आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं.

हे तिनं इथे, आपल्या घरी, माझ्या नकळत लिहिलं होतं. माझ्याकडे मागितलं असतं तर मी शिकवलं नसतं का? पण तिनं मागितलं नाही. का नाही, ते मी तेव्हापासून शोधते आहे.

मला वाटतं त्याचं थोडं उत्तर आपल्या घरांत आहे, आणि आज मी ते बोलणार आहे. आपण मुलांसमोर मराठी कधी बोलतो? रागावताना, आणि त्यांना कळू नये असं काही बोलायचं असतं तेव्हा. लाड इंग्रजीत करतो, गोष्ट इंग्रजीत वाचून दाखवतो, दिवसभर शाळेत काय झालं तेही इंग्रजीतच विचारतो. मग वर्षातून एकदा, गणपतीत, त्याच मुलांना मंचावर उभं करतो, पाठ केलेलं म्हणून घेतो आणि चुकलं की कौतुकानं का होईना, हसतो. त्या पुस्तकात नेव्हिल नावाचा मुलगा आहे. घरच्यांना भीती, हा स्क्विब निघणार. म्हणून त्याचे चुलत आजोबा त्याला ब्लॅकपूलच्या धक्क्यावरून पाण्यात ढकलतात, घाबरून तरी जादू बाहेर येईल म्हणून. पोरगं बुडता बुडता वाचतं. टिळक तलावावर पोहायला शिकताना आपल्या पाठीला आधी डबा बांधला होता, हे आपण विसरलो का? डबा न बांधता आपण आपल्या मुलांना ढकलतो आहोत. दर रविवारच्या मराठी वर्गाला मुलांना दारात सोडून गाडी वळवून जाणाऱ्यांत मीही आहे. त्या दीड तासात आपण आत बसलो तर काय बिघडेल?

आणि कृपा करून, "त्या इंग्रजी जादूपेक्षा आपल्या गोष्टी वाच" हे म्हणणं थांबवू या. पुण्यात पुढे काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. आप्पा झोपाळ्यावर होते, त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, काय असतं गं त्या पुस्तकात? ती सांगायला लागली. मोडकं तोडकं, अर्धं इंग्रजी, क्रियापदं भलतीकडेच. मी एकदाही दुरुस्त केलं नाही, फार जड गेलं. तो खलनायक आपल्या जिवाचे तुकडे करून सात ठिकाणी ठेवू बघतो, म्हणजे त्याला कुणी मारू शकणार नाही, इथपर्यंत ती आली आणि आप्पांनी झोपाळा पायानं थांबवला. "अगं, हा तर आपला राक्षस! त्याचा जीव पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा सात समुद्रांपलीकडे!" ती उडालीच. "आप्पा, तुम्हाला माहीत आहे?" दोन तास ती दोघं उठली नाहीत. तिला पोपटाची गोष्ट हवी होती आणि आप्पांना पुढच्या तुकड्याचं काय झालं ते. तिला शब्द अडला की ती हातवारे करायची, आणि शब्द आप्पा द्यायचे. ते कुणीही शिकवत नव्हतं. तिला फक्त गोष्ट पुढे न्यायची होती.

दोन दिवसांनी आप्पा काठी घेऊन तिच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात गेले आणि पहिल्या भागाचा मराठी अनुवाद घेऊन आले. त्यात त्या दगडाला मराठीत 'परीस' म्हटलं आहे. लोखंडाचं सोनं करणारा परीस, आप्पांनी तिला तिथेच, चौकाच्या गर्दीत समजावून सांगितला. आता दर रविवारी सकाळी ती फोनवर त्यांना ते पुस्तक वाचून दाखवते. गोष्ट पाठ आहे, म्हणून अनोळखी शब्दाचा अर्थ तिला अंदाजानं लागतो. पहिल्या पानाला 40 मिनिटं लागली होती. प्रकरणं 17 आहेत, आम्ही तिसऱ्यात आहोत. 'ळ' अजून आलेला नाही.

तिसऱ्या प्रकरणात हॅरीला पत्रं येतात आणि पाकिटावर तो घरात नेमका कुठे झोपतो तेही लिहिलेलं असतं. गेल्या महिन्यात लेकीला अकरावं संपलं. त्या आठवड्यात पुण्याहून आप्पांच्या अक्षरात पाकीट आलं. आमचा पत्ता, आणि त्याखाली देवनागरीत, "वरच्या मजल्यावरची लहान खोली, खिडकीजवळचा पलंग." आत दीड पान. तिनं मला हात लावू दिला नाही. दार लावून एकटीनं वाचलं, अख्खी संध्याकाळ लागली.

रात्री मी दिवा मालवायला गेले तेव्हा पत्र उशीखाली होतं. तिनं विचारलं, "आई, स्क्विबला पुढे कधीतरी जादू येते का?"

आता मी सातही पुस्तकं वाचली आहेत. फिल्चला शेवटपर्यंत येत नाही. मी काहीच बोलले नाही, तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. ती पुस्तकं तिनं माझ्या कितीतरी आधी वाचली आहेत. तिथे काय लिहिलंय ते तिला ठाऊकच होतं. तरी तिनं ते मला विचारलं.