जिवंत, पण बदललेला बेडूक

श्रोतेहो, नमस्कार.

पाण्यातलं एखादं रसायन विषारी आहे का, हे ठरवण्याची जुनी रीत सरळ आहे. त्या पाण्यात जीव सोडायचे आणि किती मेले ते मोजायचं. शरीरातल्या हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या ज्या रसायनांबद्दल आज मी बोलणार आहे, ती या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात. त्या पाण्यात बेडूक मरत नाही. तो पोहतो, खातो, मोठा होतो. पण त्याच्या वृषणात अंडपेशी वाढू लागलेल्या असू शकतात.

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसतं जेलीसारखं आवरण असतं. त्यातून निघालेला बेडूकमासा पाण्यातच वाढतो. मोठ्या बेडकाची कातडीही अशी, की तो पाणी तिच्यातूनच शोषून घेतो. म्हणजे पाण्यात जे मिसळलं, ते त्याच्या अंगात जाणारच. शिवाय बेडूकमाशाची जननग्रंथी सुरुवातीला ना नराची असते, ना मादीची. पुढे तिचं वृषण व्हायचं की अंडाशय, हे जनुकं ठरवतात, पण घडणीच्या त्या काळात बाहेरून आलेलं हॉर्मोन हा निर्णय फिरवू शकतं. पाण्यात इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं हॉर्मोन मिसळलं, तर नराची जनुकं असलेली पिल्लंही मादी होतात, हे प्रयोगशाळांमध्ये कित्येक दशकांपासून माहीत आहे. म्हणून रसायन किती होतं याइतकंच ते कोणत्या वयात भेटलं, हेही विचारायला हवं.

अ‍ॅट्राझिन हे मका आणि उसाच्या शेतात वापरलं जाणारं तणनाशक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले जीवशास्त्रज्ञ टायरोन हेस यांनी 2002 मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दहा अब्ज भाग पाण्यात एक भाग अ‍ॅट्राझिन, इतक्या कमी मात्रेतही काही बेडकांमध्ये नर आणि मादी अशा दोन्ही प्रकारच्या ग्रंथी दिसल्या. 2010 मध्ये ते आणखी पुढे गेले. जनुकांनी नर असलेले 40 बेडूक त्यांनी अब्जात अडीच भाग अ‍ॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढवले. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा अब्जात तीन भाग आहे, हे लक्षात घ्या. त्या 40 मधले दहा टक्के बेडूक पूर्ण मादी झाले, नरांशी त्यांचं मीलन झालं, अंडी घातली गेली आणि त्यातून पिल्लंही निघाली. ही सगळी पिल्लं नर होती, कारण आई आणि बाप दोघांचीही जनुकं नराचीच होती! मला या प्रयोगातला हाच भाग सर्वांत अस्वस्थ करतो. मादी झालेला बेडूक तर दिसतो, पण पुढच्या पिढीतलं बिघडलेलं प्रमाण तळ्याकाठी उभं राहून कुणाला दिसणार?

हे निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाहीत, हेही सांगायला हवं. सिंजेंटा या उत्पादक कंपनीने करवून घेतलेल्या प्रयोगांत असा परिणाम आढळला नाही, आणि त्यांच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2007 मध्ये आणखी चाचण्यांची गरज नसल्याचं ठरवलं. युरोपीय संघाने मात्र अ‍ॅट्राझिनला पुन्हा मान्यता दिली नाही. तिथे कारण बेडूक नव्हतं, भूजल होतं.

वाद एका रसायनाचा असला, तरी दुसरा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी संग्रहालयांमध्ये जपून ठेवलेले क्रिकेट फ्रॉग जातीचे आठशेहून अधिक बेडूक तपासले. 1852 ते 2001 या काळात पकडलेले. नर आणि मादी दोन्हींची लक्षणं असलेल्या बेडकांचं प्रमाण 1930 नंतर वाढलं, डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं यांचा वापर ऐन भरात असताना, म्हणजे 1946 ते 1959 मध्ये, ते सर्वाधिक होतं, आणि निर्बंध आल्यावर उतरत गेलं. बरण्यांत बुडवून ठेवताना हे बेडूक कधी अशी साक्ष देतील, असं कुणाला वाटलं असेल? एवढ्यावरून कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण वापर घटल्यावर प्रमाणही घटतं, ही मला मोठ्या आशेची गोष्ट वाटते.

दोष फक्त शेतीचा नाही. सांडपाण्यातून गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेनही नद्यांत उतरतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या उपनगरी तळ्यांत बेडकांमधल्या माद्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मात्र तिथल्या जंगलातल्या तळ्यांतही लिंगबदल झालेले बेडूक सापडले आहेत, म्हणजे थोडाफार बदल निसर्गातही होतो. म्हणूनच स्वच्छ पाण्यातले बेडूक आधी नीट मोजायला हवेत, नाहीतर रसायनाचा वाटा वेगळा काढता येणार नाही.

अंड्यापासून बेडूक होईपर्यंत जीव रसायनात वाढवायचा आणि मग त्याच्या जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, अशी चाचणी आज उपलब्ध आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ती 2015 मध्ये मान्य केली. ती लांबलचक आहे, खर्चीक आहे. तरीही पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक तणनाशकाला आणि कीटकनाशकाला बाजारात येण्याआधी ही चाचणी सक्तीची व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

नमस्कार.